जुन्या द्विपंखी विमानाचे स्केल आरसी मॉडेल बांधताना या चुका टाळा

पहिल्याच उड्डाणात कोसळलेल्या द्विपंखी आरसी (रेडिओ-नियंत्रित) मॉडेलचा पंचनामा केला, तर दोष बहुधा बांधणीच्या टेबलावरच राहून गेलेला आढळतो: शेपटीत साठलेले वजन किंवा पंखांच्या कोनांत राहिलेला फरक. एकपंखी सराव-विमानात असले दोष ट्रिमच्या (ट्रान्समीटरवरच्या बारीक तोल-समायोजनाच्या) दोन-चार खटक्यांत झाकले जातात. द्विपंखी विमानात मात्र वरचे-खालचे, डावे-उजवे असे चारही पंख एकमेकांशी जखडलेले असतात, नाक बहुधा आखूड असते आणि तारा व स्ट्रट (पंखांना जोडणारे खांब) यांच्या हवेतल्या रोधामुळे थ्रॉटल कमी करताच वेग झपाट्याने उतरतो, त्यामुळे चूक सुधारायला हवेत सवड मिळत नाही. म्हणूनच या लेखात वजन आणि कोन या दोन गोष्टींना झुकते माप दिले आहे.

विमानाची निवड

पहिले द्विपंखी मॉडेल म्हणून सॉपविथ कॅमल निवडणे ही सर्वांत लोकप्रिय चूक म्हणावी लागेल. पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये आघाडीवर आलेल्या या ब्रिटिश लढाऊ विमानाचे इंजिन, वैमानिक, मशीनगन आणि इंधनटाकी ही सगळी जड मंडळी पुढच्या सुमारे 2.1 मीटरमध्ये एकवटलेली होती. मूळ विमानाचे रोटरी (पंख्यासोबत स्वतःही फिरणारे) इंजिन मोठे आणि जड होते, त्यामुळे त्याचा तोल जमत असे. मॉडेलमधले इंजिन किंवा मोटर त्या मानाने हलकी असते, आणि आखूड नाक मात्र तेवढेच आखूड राहते. रोटरी इंजिनामुळे येणारी कॅमलची कुप्रसिद्ध वळणाची खोड मॉडेलमध्ये उतरत नाही, पण तोलाची अडचण पुरेपूर उतरते. याउलट त्याच काळातल्या एस.ई.5ए या लढाऊ विमानाचे नाक त्याच्या लांबट व्ही-8 इंजिनामुळे लांब आहे, आणि 1931 मध्ये प्रथम उडालेले डी हॅविलँड टायगर मॉथ तर मुळात प्रशिक्षणासाठीच घडवलेले आहे. पहिल्या प्रयत्नासाठी या दोहोंपैकी एक घ्यावे. तारांची कटकट नकोच असेल, तर 1918 चे फोकर डी.7 पाहावे, त्याच्या जाड पंखांना बाहेरच्या ताणतारा नाहीत.

आकाराच्या बाबतीतही एक गैरसमज आढळतो. लहान मॉडेल सोपे असेल असे वाटते, परंतु प्रमाण निम्मे केले की पंखांचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, आणि सर्व्हो (नियंत्रणफळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर, बॅटरी, बिजागऱ्या यांचे वजन मात्र त्या हिशेबाने घटत नाही. टायगर मॉथच्या 8.94 मीटर पंखविस्ताराचे चतुर्थांश मॉडेल सुमारे 2.23 मीटरचे होते. ते गाडीत मावत नसेल तर 1:5 किंवा 1:6 घ्यावे, पण त्याहून लहान स्केलमध्ये तपशिलांचा हट्ट धरू नये.

शेपटीत साठणारे वजन

समजा, गुरुत्वमध्यापासून शेपटी 90 सेंटीमीटर मागे आहे आणि नाकात शिसे ठेवता येईल अशी जागा 22 सेंटीमीटर पुढे आहे. अशा वेळी शेपटीत वाढलेल्या प्रत्येक 10 ग्रॅमसाठी नाकात सुमारे 41 ग्रॅम घालावे लागतात. शेपटीवर गोंद जरा सढळ हाताने लावला, पुट्टी भरली, रंगाचा एक जादा हात दिला आणि शेपटीचे चाक जडसे बसवले, तर 50 ग्रॅम कधी वाढले हे कळतही नाही. नाकात मात्र 200 ग्रॅमहून अधिक शिसे जाते. तेवढे वजन पंखांनी विनाकारण वाहायचे असते.

यावरचा उपाय म्हणजे बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पट्ट्या विकत घेतानाच काट्यावर तोलणे आणि सर्वांत हलका, मऊ माल शेपटीसाठी बाजूला काढणे. घनमीटरला 100 किलोच्या आतबाहेरचा बाल्सा तिथे पुरतो. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी फळी) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) यांचे सर्व्हो शेपटीत बसवण्याचा मोह टाळावा. ते कॉकपिटच्या जवळ ठेवून दुहेरी ताणतारांनी नियंत्रण मागे न्यावे, म्हणजे वजनही वाचते आणि मूळ विमानासारखे दिसतेही. धडाचा मागचा भाग पातळ प्लायवुडने मढवण्याची सूचना काही नकाशांत असते. ती पाळण्यापूर्वी मूळ विमानात तिथे काय होते ते पाहावे. बहुतेकदा तिथे चौकट आणि वर कापड एवढेच असते.

नाकात वजन घालावेच लागले, तर ते शिसे असण्याची गरज नाही. बॅटरी अग्निभिंतीच्या (इंजिनामागच्या आडभिंतीच्या) पुढे नेणे, नकली इंजिनाचे सिलिंडर प्लॅस्टिकऐवजी धातूचे करणे, काउलिंग (इंजिनावरचे आवरण) जाड पत्र्याचे घेणे हे सगळे वजन कामाला येते. त्यासाठी बॅटरीची आणि इंजिनाची जागा पंख जोडून होईपर्यंत पक्की करू नये. नकाशात दाखवली आहे म्हणून ती खण पाडून आधीच कायम करून टाकणारे पुढे हमखास पस्तावतात.

गुरुत्वमध्य चुकीच्या कडेपासून मोजणे

द्विपंखी विमानात वरचा पंख खालच्या पंखापेक्षा बहुधा पुढे असतो. या अंतराला स्टॅगर म्हणतात, आणि गुरुत्वमध्याचा सारा गोंधळ इथूनच सुरू होतो. एक उदाहरण घेऊ. दोन्ही पंखांची कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) 30 सेंटीमीटर, क्षेत्रफळे सारखी आणि स्टॅगर 8 सेंटीमीटर आहे. दोन्ही पंखांची मिळून सरासरी पुढची कड वरच्या पंखाच्या कडेपासून 4 सेंटीमीटर मागे येते. कॉर्डच्या 25 टक्के म्हणजे 7.5 सेंटीमीटर त्यात मिळवले, की गुरुत्वमध्य वरच्या पंखाच्या कडेपासून 11.5 सेंटीमीटरवर येतो. आता एखाद्याने हेच 7.5 सेंटीमीटर खालच्या पंखाच्या कडेपासून मोजले, तर तोल वरच्या कडेपासून 15.5 सेंटीमीटरवर, म्हणजे सरासरी कॉर्डच्या 38 टक्क्यांवर जातो. असे मॉडेल जमीन सोडताच नाक वर करते आणि पुन्हा खाली आणता येत नाही. तेच 7.5 सेंटीमीटर वरच्या पंखाच्या कडेपासून मोजणाऱ्याचा तोल 12 टक्क्यांवर, म्हणजे फार पुढे येतो. ते मॉडेल उडते, पण उतरताना एलेव्हेटर पूर्ण ओढूनही नाक उचलत नाही.

खालचा पंख लहान असेल, तर सरासरी काढताना क्षेत्रफळांचे प्रमाण धरावे. पंख मागे झुकलेले असतील, उदाहरणार्थ टायगर मॉथचे, तर ही मापे धडाजवळ न घेता अर्ध्या पंखाच्या साधारण मध्यावर घ्यावीत. पहिल्या उड्डाणासाठी काढलेल्या जागेपेक्षा जरा पुढचाच तोल ठेवावा.

मोठे द्विपंखी मॉडेल बोटांवर तोलून पाहणे अवघड असते, त्यामुळे काट्यांची पद्धत अधिक भरवशाची ठरते. दोन्ही चाकांखाली आणि शेपटीखाली वजनकाटे ठेवावेत आणि शेपटी खोक्यावर चढवून धड उड्डाणातल्यासारखे आडवे करावे. शेपटीचे वजन गुणिले चाकांच्या आसापासून शेपटीच्या आधारापर्यंतचे अंतर, भागिले एकूण वजन, हे उत्तर म्हणजे आसापासून गुरुत्वमध्य किती मागे आहे ते अंतर. चाकांवर 5.4 किलो, शेपटीवर 0.6 किलो आणि अंतर 100 सेंटीमीटर असेल, तर गुरुत्वमध्य आसाच्या 10 सेंटीमीटर मागे आहे. इंधनाचे इंजिन असेल तर हे माप टाकी रिकामी ठेवूनच घ्यावे, कारण पुढे बसवलेली टाकी उडता उडता रिकामी होते आणि तोल मागे सरकतो.

कॅबेन स्ट्रट आणि पंखांचे कोन

वरच्या पंखाला धडावर धरून ठेवणारे कॅबेन स्ट्रट हा द्विपंखी मॉडेलचा कणा आहे, आणि तो नजरेच्या अंदाजाने जोडला जातो हे दुर्दैव. पियानो वायर (कडक पोलादी तार) वाकवून, सांध्यांना तांब्याची तार गुंडाळून चांदीचा डाग देईपर्यंत सगळे ठीक असते. पण साचा न वापरता डाग दिला, की थंड होताना सांधा मिलिमीटरभर ओढला जातो. कॅबेनच्या पुढच्या-मागच्या टोकांत 10 सेंटीमीटर अंतर असेल, तर 2 मिलिमीटरची तफावत पंखाच्या कोनात एक अंशाहून अधिक फरक पाडते. म्हणून आधी प्लायवुडचा साचा करावा, त्यात वरच्या पंखाचे बैठकबिंदू पक्के करावेत आणि मगच डाग द्यावा.

वरच्या आणि खालच्या पंखांच्या कोनांत किती फरक असावा, यावर मॉडेलकारांत वाद रंगतात. नकाशा दिलेला असेल तर तो पाळावा; नसेल तर दोन्ही पंख सारख्या कोनात बसवून सुरुवात करावी. डाव्या आणि उजव्या बाजूचा कोन सारखा असणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. कोनमापक प्रत्येक पंखाच्या मुळाशी आणि टोकाशी लावून आठही आकडे कागदावर लिहावेत. त्यानंतर चारही पंखटोकांपासून शेपटीच्या खांबापर्यंत दोरी ताणून डाव्या-उजव्या बाजूची अंतरे जुळतात का ते पाहावे. ही तपासणी कापड चढवण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा करावी.

इथे कॅमलचा एक बारकावा सांगण्याजोगा आहे. त्याचा खालचा पंख टोकांकडे 5 अंश वर उचललेला आणि वरचा मात्र सपाट आहे. बांधणी सोपी व्हावी म्हणून कारखान्याचे व्यवस्थापक फ्रेड सिग्रिस्ट यांनी तसे सुचवले होते. त्यामुळे दोन पंखांमधले अंतर टोकांकडे कमी होत जाते. हे नकाशातली चूक समजून दोन्ही पंख सारखे उचलणाऱ्याचे मॉडेल नेटके होते, पण ते कॅमल राहत नाही.

तारा: शोभेच्या की कामाच्या

हा निर्णय पंखाची पहिली रिब (पंखाला आकार देणारी आडवी फळी) कापण्याआधी व्हायला हवा. तारा केवळ शोभेच्या असतील, तर पंखांचे स्पार (लांबीभर जाणारे मुख्य दांडे) आणि जोडनळ्या स्वबळावर भार पेलतील अशा हव्यात. तारा कामाच्या असतील, तर धडाच्या तळाकडून स्ट्रटच्या वरच्या टोकाकडे जाणाऱ्या उड्डाणतारा खरा भार घेतात, आणि त्यांची टोके रिबमध्ये चिकटवलेल्या हुकात न अडकवता थेट स्पारला बोल्टने कसलेल्या पट्टीत अडकवावी लागतात. अर्धवट हलके पंख आणि वर शोभेचा दोरा, ही जोडी हवेत घडी घालते.

दुसरी चूक ताणाची. टर्नबकल (तार ताणायचा पेच) पिळत पिळत तारा वीणेसारख्या ताणल्या, की पंखाला पीळ बसतो आणि आधी काळजीने मोजलेले सारे कोन बिघडतात. तार बोटाने दाबल्यावर किंचित दबावी, एवढा ताण पुरे. मैदानावर सगळ्या तारा सोडून पुन्हा बांधायच्या असतील, तर घाईत एखादी उलटी लागणारच. त्याऐवजी प्रत्येक बाजूचे दोन्ही पंख, स्ट्रट आणि त्यांमधल्या तारा एकत्र जोडलेल्याच ठेवता येतील, अशी रचना करावी.

कापड, रंग आणि जुनी छायाचित्रे

पंखाचा खालचा भाग आत वळलेला असेल, तर इस्त्रीने आकसणारे कापड रिबवरून सुटून सरळ ताणले जाते आणि पंखाचा छेदच बदलतो. म्हणून आधी प्रत्येक रिबच्या खालच्या कडेला कापड चिकटवावे आणि मगच उष्णता द्यावी. एकाच बाजूने जोरात इस्त्री फिरवल्यास पीळ येतो. वर-खाली आलटून पालटून थोडे थोडे आकसावे.

रंगासाठी पहिल्या महायुद्धातील छायाचित्रांवर विसंबताना सावध राहावे. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल आणि पिवळा काळपट उमटतात व निळा फिकट दिसतो. काळे दिसणारे विमान प्रत्यक्षात लालभडक असू शकते.

काउलिंगबाबत एवढेच, की हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जाण्याची वाट मोठी हवी. नकली इंजिन तोंडाशी बसवून हवा कोंडली, तर उत्तम इंजिनही दुसऱ्या फेरीला बंद पडते आणि विजेवरचा स्पीड कंट्रोलर तापून मोटरचा वीजपुरवठा तोडतो.

मैदानावर दिसणारी लक्षणे

धावताना मॉडेल नाकावर आपटत असेल, तर चाके फार मागे आहेत. धड आडवे असताना चाकांचा आस साधारण खालच्या पंखाच्या पुढच्या कडेखाली यावा. धावेच्या सुरुवातीला एलेव्हेटर वर ओढून धरावा आणि थ्रॉटल हळूहळू उघडावा.

थ्रॉटल उघडताक्षणी नाक वर येत असेल, तर मोटरचा अक्ष खाली झुकवावा. दोन-तीन अंश बहुधा पुरतात. मात्र नाक लगेच न उठता वेग वाढत जाईल तसे उठत असेल, तर दोष अक्षाचा नाही. तोल फार पुढे असून तो वर-ट्रिमने सावरलेला आहे, असे समजावे. खात्रीसाठी पुरेशा उंचीवर थ्रॉटल मिटून उथळ सूर द्यावा आणि ट्रान्समीटरच्या काठ्या सोडाव्यात: मॉडेल झटक्याने वर आले तर नाक जड, अधिकच खाली वळू लागले तर शेपटी जड.

एलेरॉन (मॉडेल कलवणाऱ्या पंखटोकांच्या फळ्या) देताच नाक विरुद्ध बाजूला वळत असेल, तर खाली जाणाऱ्या एलेरॉनची हालचाल वर जाणाऱ्याच्या निम्म्याहून कमी करावी. टायगर मॉथच्या मूळ यंत्रणेतही हाच फरक मुद्दाम ठेवलेला होता. तरीही वळणात रडर द्यावाच लागतो. मिक्सिंग (एलेरॉनसोबत रडर आपोआप हलवण्याची ट्रान्समीटरची सोय) लावून ही सवय टाळणाऱ्याला उतरताना आडव्या वाऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते. हलका स्टॉल (वेग घटून पंखाची उचल तुटणे) येताच प्रत्येक वेळी एकच पंख पडत असेल, तर ट्रिमला हात न लावता मॉडेल खाली उतरवावे आणि लिहून ठेवलेले आठ कोन पुन्हा मोजावेत. बहुधा त्याच बाजूच्या एखाद्या तारेचा ताण बदललेला सापडतो.

उतरताना थ्रॉटल पूर्ण मिटण्याची एकपंखी विमानावरची सवय इथे घातक ठरते. चाके टेकेपर्यंत थोडी शक्ती चालू ठेवावी आणि टेकल्यावरच ती काढावी.