पीएस वनच्या जुन्या सीडी कॉम्प्युटरवर कशा खेळायच्या

घरात पीएस वनच्या, म्हणजे सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन कन्सोलच्या सीडी पडून असतील तर फेकू नका, डकस्टेशन नावाचं, कॉम्प्युटरवर त्या कन्सोलची नक्कल करणारं फुकट सॉफ्टवेअर घ्या, पण त्याला कन्सोलची बायोस फाइल, म्हणजे कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम लागतो, त्याशिवाय गेम सुरूच होत नाही, ती फाइल आपल्याच कन्सोलमधून काढलेली बरी. मग सीडीची बिन (सीडीवरचा सगळा डेटा) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा दोन फाइलींत कॉपी बनवा. उघडताना क्यूच निवडा हां, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते त्यातच लिहिलेलं असतं, नुसती बिन उघडली तर बऱ्याच गेमचं म्युझिक गायब होतं आणि अर्धी मजा तर त्यातच आहे! रिझोल्यूशन वाढवलं की कडा मस्त स्वच्छ दिसतात. सेव्ह मात्र गेमच्या आतून सॉफ्टवेअरमधल्या मेमरी कार्डवरच करा, एका कार्डात 15 ब्लॉक मिळतात. नुसत्या सेव्ह स्टेटवर, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या क्षणाची जशीच्या तशी साठवलेल्या स्थितीवर राहू नका, सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर जुनी स्टेट कधीकधी उघडतच नाही.