सीमाभागातलं कल्पित गाव खरं वाटायला

विज्ञानकथेतलं बेळगावकडचं गाव बहुधा तपशिलात फसतं. इथे शेताचा सातबारा नसतो, त्याच्या जागी ‘पहाणी’ नावाचा उतारा असतो आणि तोही कन्नडमध्ये.

१. आधी पाऊस ठरवा. कणकुंबीकडे धो धो पाऊस, म्हणून भात, जंगल, गवे. अथणीकडे पाऊस कमी, तिथे ज्वारी. ऊस कालव्याच्या पाण्यावर. घरं, कपडे, भांडणं सगळं यावरून सुचतं.

२. नावाला शेवट वाडी, हट्टी किंवा कोप्प असा.

३. अद्भुत गोष्ट एकच, तीही व्यवहारात अडकवलेली. विहीर कालचं बोलणं ऐकवत असेल, तर पंचायत तिची पाणीपट्टी कशी लावते ते आधी लिहा. भुताटकी नंतर.

नाव जनगणनेच्या गावयादीत शोधा; सापडलं तर बदला, नाहीतर खऱ्या गावकऱ्यांना उत्तरं देत बसाल.