डोंगराकडे निघण्याआधी पुढचे हब

कोलोराडोतल्या सान हुआन डोंगरांतल्या उंच खिंडी बर्फ निघाल्यावर, उन्हाळा लागता लागता उघडतात. लेक सिटी, युरे आणि सिल्व्हरटन या गावांना जोडणारा अल्पाइन लूप हा सुमारे ६५ मैलांचा फेरा सिनॅमन आणि इंजिनिअर या दोन खिंडींतून जातो. दोन्ही साडेबारा हजार फुटांच्या वर. जुना फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेऊन तिकडे जायचं असेल, तर तंबू आणि शिधा बांधायच्या आधी पुढच्या चाकांचे हब बघा, म्हणजे चाक एक्सलला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) जोडणारे आणि त्यापासून सोडवणारे चाकाच्या मधले भाग. इथे राहणारी आपली मंडळी हौसेने जुन्या गाड्या घेतात, इंजिन आणि टायर नीट तपासतात, आणि हबकडे मात्र कुणी बघत नाही. मीही पहिल्या वर्षी बघितलं नव्हतं.

निघायच्या दोन आठवडे आधी, घरासमोरच सुरुवात करा. पुढच्या चाकाच्या मध्यभागी फिरवायची चकती असेल आणि तिच्यावर फ्री व लॉक असं लिहिलेलं असेल, तर हब मॅन्युअल, म्हणजे हाताने जोडायचा. नुसती कोरी टोपी असेल तर बहुधा ऑटोमॅटिक, नाहीतर एक्सल चाकाला कायमचा जोडलेला. मॉडेलच्या नावावर जाऊ नका. ऐंशी-नव्वदच्या दशकांत फोर्डचे एफ-१५० आणि ब्रॉन्को दोन्ही प्रकारच्या हबांसह विकले जात. १९९९ नंतरच्या ज्या फोर्ड सुपर ड्यूटी पिकअपला डॅशबोर्डवर फोर व्हीलचं बटण असतं, तिच्या चकतीवर ऑटो आणि लॉक असतं. तिथे ते बटण फिरवलं की व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा खेचून, हब जुळतात, आणि नाहीच जुळले तर हाताने लॉक करता येतात. अशी गाडी असेल तर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या चाकापर्यंत बोटांनी चाचपून बघा. जुन्या नळ्यांना चिरा पडतात.

हबचं काम समजलं की पुढची तपासणी सोपी जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला असे हब नव्हते. पुढचे एक्सल, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअर) आणि शाफ्ट डांबरी रस्त्यावरही उगाच फिरत राहायचे. लढाईनंतर त्या जीप साध्या लोकांच्या हाती आल्या, तेव्हा आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये चाक एक्सलपासून सोडवणारे हब बनवण्याचा धंदा सुरू केला. चाक सुटलं की आतला पसारा थांबतो, झीज कमी होते, पेट्रोलही थोडं वाचतं. पुढे रस्त्यात खाली उतरायला नको म्हणून ऑटोमॅटिक हब आले. गाडी फोर व्हीलमध्ये टाकून पुढे नेली की एक्सल फिरतो आणि त्या फिरण्यानेच आतला दात्यांचा गिअर सरकून चाकाला जुळतो. सोडवायला टू व्हीलमध्ये टाकून साधारण दहा फूट उलट दिशेने जायचं.

या उलट दिशेतच माझी तक्रार आहे. चिखलात रुतल्यावर आपण काय करतो? गाडी पुढे-मागे झुलवतो. प्रत्येक वेळी दिशा बदलली की ऑटोमॅटिक हब क्षणभर सुटतो आणि पुन्हा धक्क्याने जुळतो. ज्या घडीला पकड हवी, त्याच घडीला ती नसते, आणि त्या धक्क्यांनी आतले भाग तुटतात. माझ्या पिकअपच्या हबांत आधीच्या मालकाने बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासून भरलं होतं. थंडीत ते आणखी घट्ट झालं आणि बर्फाच्या एका चढावर डावा हब जुळलाच नाही. पुढचं डिफरन्शियल ओपन, म्हणजे जी बाजू मोकळी फिरेल तिकडेच फिरणं सोडणारं, त्यामुळे सगळा जोर त्या सुट्या बाजूच्या एक्सलकडे गेला. तो आतल्या आत फिरत राहिला आणि जुळलेलं उजवं चाक जागचं हललं नाही. एक हब गेला म्हणजे अर्धी नव्हे, पुढची सगळीच ओढ गेली.

म्हणून चाचणी दोन्ही बाजूंची घ्या, आणि मोकळ्या मातीवर किंवा खडीवर घ्या. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. फोर व्हील हायमध्ये (फोर व्हीलच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) टाकून सरळ वीसेक फूट पुढे जा, अजिबात मागे न घेता थांबा, गिअर आणि हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. मग एक पुढचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या आणि चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. थोडं हलून अडलं तर हब जुळलाय. मोकळं फिरलं तर हा किंवा पलीकडचा हब जुळलेला नाही. नंतर टू व्हीलमध्ये उलट जाऊन हीच परीक्षा सुटण्याचीही घ्या. मॅन्युअल हबला इतका खटाटोप नको: चकती लॉकवर नेऊन चाक फिरवा आणि चाकामागचा एक्सलचा जॉइंट सोबत फिरतो का ते बघा. चकती हातानेच फिरवा, पक्कड लावू नका. अडली तर गाडी थोडी पुढे-मागे ढकला. दाते समोरासमोर आले की ती फिरते.

ऑटोमॅटिक या परीक्षेत नापास झाले तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, मॅन्युअल बसवा. हे मी मनापासून सांगतो. चकतीवर नजर टाकली की हब कुठे आहे ते दिसतं. एक्सलचा जॉइंट वाटेत तुटला तर दोन्ही चकत्या फ्री करून मागच्या चाकांवर गावापर्यंत येता येतं. शिवाय हब फ्री ठेवून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर पाठवणारी गिअरची पेटी) लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जास्त ओढीच्या गिअरमध्ये टाकली, की ट्रेलर अवघड जागी हळूहळू मागे घेता येतो. तेव्हा डांबरावरही शाफ्टवर ताण येत नाही. एफ-१५० सारख्या गाड्यांत ऑटोमॅटिक काढताना स्पिंडलवरचे (चाक ज्यावर फिरतं त्या स्थिर दांड्यावरचे) नटही बदलावे लागतात, म्हणून नट असलेला पूर्ण संच मागवा. ते नट बेअरिंगची घट्टाई ठरवतात, तेव्हा किती आवळायचे आणि किती सैल सोडायचे हे तुमच्या सालच्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेप्रमाणेच करा. हबच्या आत ग्रीसचा फक्त पातळ हात.

हत्यारांत स्पिंडल नटचा चार दात्यांचा सॉकेट, सर्क्लिपची पक्कड, टोपीच्या छोट्या स्क्रूंना बसणारी ॲलन आणि टॉर्क्सची पाती, टोपीच्या जादा रबरी रिंगा आणि चिंध्या. बाकी जॅक, दोरखंड, पाणी हे तुम्हाला ठाऊक आहेच.

निघायच्या दिवशी मॅन्युअल हब कच्चा रस्ता सुरू होतो तिथेच लॉक करा, दोन्ही बाजूंनी फिरून. रुतल्यावर चिखलात गुडघे टेकून चकती शोधण्याची वेळ येऊ देऊ नका. हब लॉक आणि गाडी टू व्हीलमध्ये, असं चाललं तरी काही बिघडत नाही. दुपारभर तसंच राहू द्या आणि चढ आला की नुसता लिव्हर ओढा. सोबत दुसरं कुणी असेल तर एकाने लावायचं आणि दुसऱ्याने दोन्ही चकत्या बघून मोठ्याने सांगायचं.

ओढे ओलांडले असतील तर घरी आल्यावर त्याच आठवड्यात टोपी उघडा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. मग बेअरिंगही काढून धुवा, नवं ग्रीस भरा आणि रबरी रिंग बदलून टोपी लावा.