पुस्तक काढताना या चुका टाळा: बिघडतो तो बहुधा कामाचा क्रम

संपादनाच्या कामात मला भेटणारे बरेच लेखक पुस्तक छापून झाल्यावर भेटतात. कोणाच्या अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक आतल्या प्रकरणांशी जुळत नसतात, कोणाचे मुखपृष्ठ काळवंडून छापलेले असते, कोणाच्या करारात कधीच नीट न वाचलेले कलम निघते, तर कोणाचे पुस्तक सहा महिने होऊनही ते आले आहे हे वाचकांना ठाऊक नसते. अडचणी निरनिराळ्या दिसत असल्या तरी त्यांचा माग काढला की बहुतेक वेळा एकच कारण हाती लागते: जे काम आधी व्हायला हवे होते ते मागे राहिले आणि जे शेवटी करायचे ते घाईने आधी उरकले गेले. मसुद्यातला परिच्छेद हलवायला एक मिनिट पुरते, मांडणी झाल्यावर त्याच बदलाने पुढची वीस पृष्ठे सरकतात आणि छपाईनंतर तर शुद्धिपत्र जोडण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. म्हणून या चुका ज्या टप्प्यावर घडतात त्याच क्रमाने मी त्या घेतल्या आहेत आणि चूक होऊन गेली असेल तर काय सावरता येते तेही तिथेच सांगितले आहे.

संपादनाआधी मुद्रितशोधन

पहिला खर्डा पूर्ण होताच लेखक तो शुद्धलेखन तपासण्यासाठी देतो, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ऱ्हस्वदीर्घ सुधारून होतात, विरामचिन्हे जागेवर बसतात आणि मग कोणीतरी जाणता वाचक म्हणतो की तिसरे प्रकरण मुळात आठव्यानंतर यायला हवे. ते हलवले की संदर्भ बदलतात, काही पाने नव्याने लिहावी लागतात आणि त्या नव्या मजकुरात नव्या चुका येतात, ज्या मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेलेल्याच नसतात. आधी पुस्तकाचा घाट पाहावा, म्हणजे काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कोणते आधी सांगायचे. त्यानंतर वाक्यांकडे आणि शब्दांकडे वळावे. मुद्रितशोधन सर्वांत शेवटी, मांडणी झालेल्या पृष्ठांवर करावे. आपल्या मजकुराचे मुद्रितशोधन आपणच करू नये, कारण कागदावर काय आहे यापेक्षा आपल्याला काय लिहायचे होते तेच आपले डोळे वाचतात. दुसरा माणूस मिळणे शक्यच नसेल तर मजकूर काही आठवडे बाजूला ठेवून, मग तो छापील प्रतीवर आणि मोठ्याने वाचावा.

याच टप्प्यावरची आणखी एक चूक किरकोळ वाटते, पण फार महागात पडते. एकाच संहितेच्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’ आणि ‘अंतिम दुरुस्त’ अशा तीन फायली होतात, लेखक एकीत सुधारणा करतो, संपादक दुसरीत करतो आणि मांडणीला तिसरीच जाते. फाइलच्या नावात तारीख घालावी आणि एका वेळी एकाच्याच हाती चालू फाइल असेल असे ठरवून घ्यावे. घोळ होऊनच गेला असेल तर नजरेने ताडून पाहण्याच्या भरीस न पडता शब्दसंपादन प्रणालीतली दोन दस्तऐवज पडताळण्याची सोय वापरावी, म्हणजे एकही फरक निसटत नाही.

देवनागरीचा खास घोटाळा

मराठी लेखकांची या अडचणीशी हमखास गाठ पडते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, देवनागरीचा समावेश 1991 सालीच झाला, तरी छपाईच्या मांडणीत जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचे फॉण्ट पुढेही दीर्घकाळ वापरात राहिले. अशा फॉण्टमध्ये प्रत्येक आकृती इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली असते. त्यामुळे लेखकाने युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर मांडणीसाठी जुन्या फॉण्टमध्ये रूपांतरित केला, किंवा जुन्या पुस्तकाचा मजकूर ई-पुस्तकासाठी युनिकोडमध्ये आणला, की रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला लागते आणि जोडाक्षरे फुटतात. ‘ऱ्या’चे ‘र्या’ झाले तर आचाऱ्यांना वाढलेले मानधन आचार्यांना मिळते आणि दऱ्या ओलांडणारा प्रवासी दर्या ओलांडू लागतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला हे दोन्ही शब्द बरोबरच वाटतात, त्यामुळे ही चूक तिच्या नजरेत येत नाही.

मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत युनिकोडमध्येच ठेवावा आणि मांडणीकाराला काम देण्याआधी तो कोणत्या फॉण्टमध्ये मांडणी करणार हे विचारावे. रूपांतर टाळता येणारच नसेल तर आधी एका प्रकरणाचेच रूपांतर करून ते ओळीने ताडून पाहावे. या चुकांची एक सोय अशी की त्या ठरावीक जागीच होतात, म्हणून पहिल्या प्रकरणात सापडलेल्या चुकांची यादी करून त्या सर्व पुस्तकात शोधता येतात. मात्र एका फटक्यात सगळीकडे बदल करण्याची आज्ञा देऊ नये, प्रत्येक जागा पाहूनच बदल करावा.

पृष्ठसंख्या ठरण्याआधी मुखपृष्ठ

मुखपृष्ठ हे लेखकाला सर्वांत आधी हवेसे वाटते आणि ते स्वाभाविक आहे. समोरच्या बाजूची कल्पना आधी ठरवायला हरकतही नाही. पण कण्यासह, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीसह, पूर्ण वेष्टन तयार करायला पृष्ठसंख्या आणि कागद दोन्ही निश्चित असावे लागतात. 240 पृष्ठे म्हणजे 120 पाने, आणि एका पानाची जाडी 0.1 मिलिमीटर असेल तर कणा 12 मिलिमीटरचा होतो. प्रस्तावना आणि सूची वाढून पृष्ठे 272 झाली की तोच कणा 13.6 मिलिमीटरचा होतो आणि कण्यावरचे शीर्षक एका कडेला सरकते. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पृष्ठांचा संच, बहुधा 16 पृष्ठांचा असतो. शेवटच्या फर्म्यात तीनच पृष्ठांचा मजकूर उरला तर बाकीची कोरी जातात, त्यामुळे पृष्ठसंख्या कुठे थांबवायची हे मुद्रकाला आधीच विचारलेले बरे.

काळवंडलेल्या मुखपृष्ठाचे कारण बहुतेक वेळा रंगपद्धतीत असते. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंतून होते आणि पडद्यावरचे चमकदार निळे किंवा हिरवे रंग त्या शाईंत उतरत नाहीत. फाइल चार रंगांच्या पद्धतीत करून एक नमुना छापून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा. चित्र प्रति इंच 300 बिंदूंच्या हिशेबाने पुरते की नाही हेही तपासावे: 1200 बिंदू रुंदीचे चित्र छपाईत 4 इंचच रुंद होऊ शकते, ते ताणले की फिसकटते. कडेपर्यंत जाणारा रंग कापणीच्या रेषेबाहेर साधारण 3 मिलिमीटर न्यावा, नाहीतर कापताना पांढरी कड उरते. आणि तयार मुखपृष्ठ फोनवर अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे, कारण ऑनलाइन खरेदी करणारा वाचक ते त्याच आकारात पहिल्यांदा पाहतो.

आयएसबीएन

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक. 1 जानेवारी 2007 पासून हा क्रमांक 13 अंकी आहे. तो पुस्तकाची ओळख पटवतो, स्वामित्वहक्क देत नाही. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, एकच क्रमांक सर्वांना दिला की वितरकांच्या नोंदींत घोळ होतो. मजकुरात लक्षणीय बदल केलेल्या नव्या आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा, जसेच्या तसे पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो.

सही आधी, वाचन नंतर

करार हा मैत्रीच्या बळावर सोडून देण्याचा विषय नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे हक्क कायमचे सोपवणे आणि ठरावीक काळासाठी वापरण्याची परवानगी देणे यांतला फरक न पाहणे. छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि भाषांतर हे हक्क वेगवेगळे आहेत. जो प्रकाशक श्राव्य पुस्तक काढणारच नाही त्याला तो हक्क देऊन ठेवण्यात लेखकाचे केवळ नुकसान आहे. मानधन कोणत्या रकमेवर मोजले जाणार हेही स्पष्ट हवे. विक्रेत्याला निम्मी सूट दिली जात असेल तर निव्वळ प्राप्तीवरचे 10 टक्के हे छापील किमतीवरच्या 10 टक्क्यांच्या जास्तीत जास्त निम्मेच भरतात. ‘पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क परत’ हे कलम पूर्वी पुरेसे होते. मागणीनुसार छपाईच्या आणि ई-पुस्तकांच्या काळात कोणतेही पुस्तक कागदोपत्री कधीच अनुपलब्ध होत नाही, म्हणून वर्षाला ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास हक्क परत मिळतील असे लिहून घ्यावे. छपाईचा खर्च लेखकच करणार असेल तर मांडणीच्या मूळ फायली, मुखपृष्ठाची फाइल आणि उरलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या, हे सहीआधी कागदावर आलेच पाहिजे.

दुसऱ्याचे लेखन घेतानाही क्रम चुकतो. कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी, छायाचित्रे आणि नकाशे पुस्तकात घालून लेखक खाली नाव देतो आणि समाधान मानतो. श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. 1886 साली झालेल्या आणि पुढे सुधारलेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्क करारानुसार लेखनाचे संरक्षण नोंदणीवाचून आपोआप सुरू होते आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षे टिकते, अनेक देशांत त्याहूनही अधिक. परवानगीचे पत्र यायला महिने लागू शकतात, म्हणून ते मांडणीपूर्वी मागवावे आणि न आल्यास त्या ओळींवाचून परिच्छेद उभा राहील असा लिहावा.

ई-पुस्तक म्हणजे पीडीएफ नव्हे

छपाईची पीडीएफ तशीच चढवली की फोनवर वाचकाला प्रत्येक ओळ बोटाने सरकवत वाचावी लागते. ई-पब या खास ई-पुस्तकांसाठीच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याच्या मापाप्रमाणे वाहतो. तो नीट वाहण्यासाठी प्रकरणांची शीर्षके शीर्षक-शैलीने दिलेली असावीत, रिकाम्या ओळी टाकून पान बदललेले नसावे आणि ‘पृष्ठ 84 पाहा’ असे संदर्भ दुव्यांत बदललेले असावेत. कोणत्याही योजनेत पुस्तक घालण्याआधी अटी वाचाव्यात: अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेतल्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत नाव घातले की ई-पुस्तक 90 दिवस इतरत्र कोठेही देता येत नाही, आणि आपण थांबवले नाही तर मुदत आपोआप पुढे चालू राहते.

प्रसिद्धीला उशीर

प्रती हाती आल्यावर प्रसिद्धीचा विचार सुरू करणे ही चूक चांगल्या पुस्तकांनाही मारते आणि मला तिचे सर्वाधिक वाईट वाटते. समीक्षकाला वाचायला आणि लिहायला वेळ लागतो, नियतकालिकांचे अंक आधीच भरलेले असतात. मुद्रितशोधन संपताच, म्हणजे प्रकाशनाच्या तीन-चार महिने आधी, अभिप्रायासाठी प्रती पाठवायला हव्यात. दुसरे असे की ‘माझे पुस्तक आले आहे, जरूर घ्या’ हा संदेश दहा ठिकाणी दहादा टाकल्याने वाचक मिळत नाही. पुस्तकातली चार सलग पाने वाचायला दिली तर मिळू शकतो. मित्रमंडळींकडून न वाचता लिहवून घेतलेले अभिप्राय विक्रीस्थळे काढून टाकतात आणि खरा वाचकही ते ओळखतो. एकूण प्रती वाढल्या की प्रत्येकीचा खर्च उतरतो, या मोहाने वाचकवर्गाचा अंदाज न घेता मोठी आवृत्ती छापू नये. आधी थोड्या प्रती काढाव्यात.

पुस्तक निघून गेले आहे आणि विक्री थांबली आहे, असे झाले असेल तर आधी विक्रीपानावरचा मजकूर तपासावा. तिथे बहुधा लेखकाचे पुरस्कार असतात, आणि पुस्तक कोणासाठी आहे व त्यात काय मिळेल हे तिसऱ्या परिच्छेदात येते. ते पहिल्या दोन वाक्यांत आणावे. पुस्तकाचा वर्ग आणि शोधशब्द वाचक टंकतो त्या शब्दांत, मराठीतही आणि रोमन लिपीतही, भरावेत. यातल्या दुरुस्त्यांसाठी पुस्तक पुन्हा छापावे लागत नाही. त्यानंतरही वाचक पानावर येऊन न घेता परत जात असतील तर मुखपृष्ठ बदलण्याचा विचार करावा, आणि नमुन्याची पाने वाचून जात असतील तर पहिले प्रकरण पुन्हा उघडून बसावे.