झाबायोने: बिनदुधाचं इटालियन कस्टर्ड

कस्टर्ड म्हटलं की आपल्याला पावडरीचा डबा आठवतो. त्यात कॉर्नफ्लोअर असतं, रंग असतो; अंडं बहुधा नसतंच. उत्तर इटलीतल्या पिएमॉन्ते प्रांताचं झाबायोने अगदी उलट. अंड्याचे बलक, साखर आणि सिसिली बेटावरची मार्साला वाइन, एवढंच. दूध नाही, पीठ नाही. दाटपणा येतो तो बलकाने आणि फेटताना आत कोंडलेल्या हवेने. म्हणून सगळी मदार आचेवर.

चौघांसाठी ताज्या अंड्यांचे 4 बलक, 4 मोठे चमचे साखर आणि सुमारे 100 मिली मार्साला घ्या. तिथल्या घरांत मापाची वाटी शोधत बसत नाहीत: दर बलकामागे एक चमचा साखर आणि अंड्याचं अर्धं कवच भरून वाइन.

मार्साला आपल्याकडे सहज मिळत नाही. गोव्याची पोर्ट वाइन चालते, पण ती लाल असल्याने रंग मळकट गुलाबी होतो, आणि गोड असल्याने साखर थोडी कमी करावी लागते. दारू नको असेल तर कडक काळी कॉफी घाला. संत्र्याच्या रसापेक्षा मला तीच बरी वाटते. अंड्याचा वास झाकते.

भांडं गोल बुडाचं हवं, कारण सपाट भांड्याच्या कडेला व्हिस्क पोहोचत नाही आणि बलक तिथेच शिजून बसतो. मिश्रण तिपटीने फुगतं, तेव्हा भांडं मोठंच घ्या.

बलकांत साखर घातली की लगेच फेटायला लागा. नुसती पडून राहिली तर ती बलकातलं पाणी ओढून घेते आणि गुठळ्या होतात. रंग फिकट पिवळा झाला की मार्साला थोडी थोडी करून मिसळा.

दुसऱ्या पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा. बुडबुडे नुकते येऊ लागले की गॅस बारीक करून बलकाचं भांडं वर ठेवा. बूड पाण्याला टेकता कामा नये, काम वाफेनेच व्हायला हवं. आता 8 ते 10 मिनिटं न थांबता फेटा. हात दुखला तर इलेक्ट्रिक बीटर वापरा, त्यात कमीपणा काही नाही. आधी नुसता फेस दिसेल, मग तो जड व्हायला लागेल. व्हिस्क उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर टिकली की झालं. थर्मामीटर असेल तर 71 अंश सेल्सिअस गाठू द्या. अंड्याच्या दृष्टीने ते सुरक्षित तापमान आहे.

मध्येच कडेला बारीक कण दिसले तर भांडं ताबडतोब खाली उतरवा आणि जोरात फेटा. तरीही कण वाढले, तर ती गोड भुर्जी झाली; ती परत कस्टर्ड होत नाही. झाबायोने नीट जमलं तरी उतरवल्यावर अर्धा मिनिट फेटत राहा, कारण तापलेलं भांडं शिजवत राहतं.

लगेच ग्लासांत ओता आणि कोमटच खा, सोबत लांबट सावोयार्दी बिस्किटं किंवा स्ट्रॉबेरी. ठेवून दिलं तर तळाशी पाणी सुटतं. पाहुणे उशिरा येणार असतील तर भांडं बर्फाच्या पाण्यात धरून गार होईपर्यंत फेटा, त्यात फेटलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. उरलेल्या पांढऱ्या भागाचं सकाळी ऑम्लेट करा.