किनाऱ्यावरच्या शाळांतील सागरविज्ञानाच्या उणिवा शोधताना या चुका टाळा

वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसत असते, तरीही आज भरती किती वाजता येईल हे सातवीतल्या मुलाला शाळेत शिकलेल्या माहितीच्या आधारे सांगता येत नाही, असा अनुभव रायगडच्या किनारपट्टीतील शाळांत काम करताना वारंवार येतो. अशा वेळी कोणीतरी उणिवांचे सर्वेक्षण हाती घेते, प्रश्नावल्या वाटल्या जातात आणि 'अभ्यासक्रमात समुद्राला पुरेसे स्थान नाही' या वाक्यावर अहवाल संपतो. हे वाक्य बहुधा अर्धेच खरे असते, कारण चूक अभ्यासक्रमात जेवढी असते तेवढीच ती पाहणीच्या पद्धतीतही असते. पुढे दिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी मी स्वतः केलेल्या आहेत.

पाठ मोजून निष्कर्ष काढणे

सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पुस्तके उघडून समुद्रावरचे पाठ मोजणे. बालभारतीच्या ज्या पुस्तकांवर गेली काही वर्षे मुले शिकत आली, त्यांत सहावीच्या भूगोलात महासागरांचे महत्त्व, सातवीत भरती-ओहोटी आणि आठवीत सागरतळरचना व सागरी प्रवाह असे पाठ आहेत. 'उधाण' (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि 'भांग' (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) हे किनाऱ्यावर रोज वापरले जाणारे शब्दही त्यांत आलेले आहेत. म्हणजे विषय गैरहजर नाही. चंद्राचे गुरुत्वाकर्षण समजावून झाले की पाठ थांबतो आणि मुलाच्या घरातील होडी किती वाजता सुटते या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही, ही खरी उणीव आहे, आणि ती पाठांच्या मोजणीत कधीही दिसत नाही.

ती दिसण्यासाठी प्रत्येक पाठासमोर 'हा शिकल्यावर मुलाला किनाऱ्यावर काय करता आले पाहिजे' हे लिहावे आणि तेवढेच तपासावे. भरतीचेच उदाहरण घेऊ. तिथीला पाऊणने गुणावे, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात तो बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेला मालवणकडे भरती याहून लवकर येते. आता पौर्णिमेचा हिशेब करा. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वा अकरा, पण प्रत्यक्षात भरती बाराच्या सुमारास पूर्ण झालेली दिसते. हा पाऊण तास गेला कुठे? अमावास्या ते पौर्णिमा या पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाची एक पूर्ण फेरी, म्हणजे बारा तास, पुढे सरकते; त्यामुळे एका तिथीच्या वाट्याला ४८ मिनिटे येतात आणि आजोबांचा हिशेब मात्र ४५ मिनिटांचा असतो. तीन मिनिटांची तूट पंधरा वेळा साठली की पाऊण तास होतो. जो विद्यार्थी ही तूट शोधू शकतो, त्याला भरती-ओहोटीचा पाठ समजला असे म्हणता येईल. हा प्रश्न एका वर्गाला घातला की उणीव चंद्राच्या संकल्पनेत आहे, अपूर्णांकांत आहे की तिथी म्हणजे काय हेच माहीत नसण्यात आहे, ते पंधरा मिनिटांत कळते.

कालबाह्य माहिती ही मात्र वेगळी उणीव आहे आणि तिची नोंदही वेगळी करावी. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर असल्याचे आपण सर्वांनी पाठ केले. नव्या सरकारी मोजणीनुसार ती ११,०९८ किलोमीटर भरते. जमीन वाढलेली नाही, नकाशाचे प्रमाण बदलले आहे. अधिक बारकाईने मोजले की खाड्यांची वळणे जमेस धरली जातात. नुसता आकडा बदलून शिकवला तर एक उणीव बुजून दुसरी निर्माण होते.

शाळेच्या घंटेप्रमाणे किनाऱ्यावर जाणे

मुलांचे निरीक्षणकौशल्य तपासण्यासाठी एकदा आम्ही खडकाळ किनाऱ्यावरची भेट ठरवली. वार सोयीचा होता, वेळ सकाळी साडेअकराची होती, डबे बांधलेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ज्या खडकांवरच्या कालवांची आणि बार्नॅकलची (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांची) मोजणी करायची होती ते पुरते पाण्याखाली होते, कारण तो अमावास्येचा दिवस होता आणि अमावास्येलाही पौर्णिमेसारखीच भरती बाराच्या सुमारास पूर्ण होते. बरोबर आलेल्या चाळीस मुलांपैकी निम्म्या मुलांना हे आदल्या दिवशीच माहीत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि सरांनी ठरवले आहे म्हटल्यावर त्यांनीही सांगितले नाही. प्रश्नावलीचे कोरे कागद घेऊन आम्ही सुरूच्या बनात डबे खाल्ले.

यात केवळ माझा निष्काळजीपणा नव्हता, हे पुढे पंचांग घेऊन बसल्यावर लक्षात आले. आपल्या या पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत, जेव्हा ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते, तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. दुपारी बारा वाजता ओहोटी मिळते ती अष्टमीला, म्हणजे भांगाला, आणि तेव्हा पाणी फारसे हटतच नाही. त्यामुळे अकरा ते पाच भरणाऱ्या शाळेला किनाऱ्याचा सर्वांत खालचा, सर्वांत सजीव पट्टा वर्षभर दिसणे अवघड असते. ही उणीव पुस्तकाची नाही आणि शिक्षकाचीही नाही, ती वेळापत्रकाची आहे. तिच्यावर तोडगा आहे. ज्या शनिवारी सकाळची शाळा असते आणि द्वितीया किंवा तृतीया येते, ते शनिवार वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांगावरून आणि भरतीच्या कोष्टकावरून हेरून ठेवावेत. त्या दिवशी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास ओहोटी पूर्ण असते. पावसाळ्यातले शनिवार मात्र यादीतून वगळावेत.

परक्या किनाऱ्याची प्रश्नावली वापरणे

सागरसाक्षरतेची, म्हणजे समुद्राचा आपल्यावर आणि आपला समुद्रावर होणारा परिणाम समजण्याची, सात तत्त्वे अमेरिकेत तयार झाली आणि आता जगभर वापरली जातात. युनेस्कोने २०२१ मध्ये सर्व देशांच्या अभ्यासक्रमांत महासागरशिक्षण यावे असे आवाहन केल्यापासून त्यांवर बेतलेल्या प्रश्नावल्याही सहज मिळू लागल्या. तत्त्वांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रवाळ, देवमासे आणि पेंग्विन यांच्या चित्रांबद्दल, जी जशीच्या तशी पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या मुलांसमोर ठेवली जातात. या मुलांचा समुद्र चिखलाचा, तिवरांचा आणि बांधाचा आहे. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि पुढची काही वर्षे ती जमीन वाया जाते, हे त्यांनी पाहिलेले असते. मीठ साठलेल्या जमिनीत साधे भात का मरते आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या जाती का तग धरतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी प्रवाळाच्या विरंजनापेक्षा (रंग उडून पांढरे पडण्यापेक्षा) अधिक शास्त्रीय आहे. परकी प्रश्नावली लावली की मुले नापास होतात आणि नको तिथे उणीव दिसते. ती लावायचीच असेल, तर तत्त्व ठेवावे आणि उदाहरण बदलावे.

परिभाषा येत नाही म्हणजे ज्ञान नाही असे मानणे

'खेकड्यातील लिंगभेद स्पष्ट करा' या प्रश्नाला कोळीवाड्यातल्या एका मुलीने काहीही लिहिले नाही. तिच्यासमोर चिंबोरी ठेवली तेव्हा तिने ती उलटी केली, पोटाकडचा रुंद झाकणासारखा भाग बोटाने दाखवला, ही मादी असे सांगितले आणि ती लाखेची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, आहे की नाही हेही सांगितले. लेखी परीक्षेत तिला शून्य गुण होते. खारफुटीबाबतही हेच घडते. तिवर, चिपी आणि कांदळ पानांवरून ओळखणारे मूल 'श्वसनमुळे' हा शब्द न आठवल्यामुळे अडते, तर तो शब्द अचूक लिहिणाऱ्या मुलाला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झालेली पांढरी चिपी आपल्याच खाडीत उभी असल्याचा पत्ता नसतो. दोघांतही उणीव आहे, पण ती एकच नाही आणि तिचा उपायही एक नाही. म्हणून तोंडी आणि प्रत्यक्ष चाचणी लेखी चाचणीच्या आधी घ्यावी.

उलट बाजूने, स्थानिक ज्ञान आहे म्हणून ते तपासायचेच नाही, हीसुद्धा चूकच ठरते. अवसेची चिंबोरी भरलेली असते असे किनाऱ्यावर सर्रास सांगतात. वजनकाटा घेऊन चार महिने अमावास्या आणि पौर्णिमेच्या चिंबोऱ्या तोलून पाहणे आठवीच्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे.

स्वच्छता मोहीम म्हणजे सागरशिक्षण असे धरणे

मोहिमेत कचरा उचलला जातो, छायाचित्रे निघतात आणि अहवालात 'सागरी उपक्रम' या रकान्यात बरोबरची खूण होते. कचऱ्याचे वर्गीकरण, वजन आणि भरतीरेषेपासूनचे अंतर नोंदवले गेले नसेल, तर ही खूण करू नये.

सुरक्षिततेचा रकाना न ठेवणे

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. मुख्याध्यापकांना समुद्राची धास्ती वाटते ती अशा घटनांमुळे, आणि ती खोटी नाही. मात्र 'शाळा मुलांना किनाऱ्यावर नेत नाही' एवढेच नोंदवून सर्वेक्षण पुढे जाते, तेव्हा खरे कारण लपून राहते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. परतीची शेवटची वेळ कोणती, पाणी मागे कोणत्या बाजूने भरते, हे किती शिक्षकांना सांगता येते, ते विचारावे. घाटावरून बदली होऊन आलेल्या शिक्षकाला हे माहीत नसेल तर तो त्याचा दोष नव्हे. अशा शाळेत भेटीच्या दिवशी गावातला एखादा अनुभवी खलाशी सोबत घेण्याची रीतसर तरतूद लागते.

शेवटी अहवाल लिहिताना प्रत्येक उणिवेसमोर ती कोणाच्या हातात आहे ते लिहावे. पाठाचा मजकूर राज्याच्या पातळीवर बदलतो, खलाशाचे मानधन शाळा व्यवस्थापन समिती ठरवू शकते, आणि तृतीयेचा शनिवार मुख्याध्यापक एकट्याच्या सहीने पक्का करू शकतात. आमच्या दुसऱ्या खेपेच्या अहवालात या तिसऱ्या प्रकारच्या उणिवा सर्वांत जास्त निघाल्या, आणि त्यांतली पहिली पुढच्याच पंधरवड्यात दूर झाली.