शेतमालाची गाडी भरताना वजनाचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातून कांदा आणि टोमॅटो वाहण्यासाठी जुना ट्रक घेऊन या धंद्यात उतरणारे तरुण भाडे, डिझेल आणि बँकेचा हप्ता यांचा हिशेब चोख मांडतात. वजनाचा हिशेब मात्र ते चालकावर किंवा गाडी भरून देणाऱ्या दलालावर सोपवून मोकळे होतात. विमा, फिटनेस, पीयूसी हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. पहिल्या हंगामात माझी झोप ज्याने उडवली, त्या वजनाविषयी लिहितो, आणि शेवटी थोडे परवान्याविषयी.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११३ प्रमाणे भरलेल्या गाडीचे वजन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदवलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त असता कामा नये. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चाकांच्या जोडीच्या आसावरील, म्हणजे अ‍ॅक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली आणि सहा टायरच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन, तर दहा टायरच्या ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टन झाले. हे वाढीव आकडे बाजार समितीच्या आवारात कोणीही तोंडपाठ सांगतो. परंतु तुम्ही घेतलेल्या जुन्या गाडीच्या आरसीवर १६,२०० किलो लिहिलेले असेल, तर वजनकाट्यावर तोच आकडा धरला जातो, आणि शेजारच्या नव्या गाडीत भरलेला तेवढाच माल तिच्यासाठी कायदेशीर आणि तुमच्यासाठी ओव्हरलोड ठरतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. आरसीवर तेही छापलेले असते, आणि नवखा माणूस एकूण वजनातून ते वजा करून उरलेला आकडा म्हणजे आपला माल असे समजतो. समजा, आरसीवर एकूण वजन १६,२०० आणि रिकामे वजन ६,२०० किलो आहे. म्हणजे १० टन माल, म्हणजे ५० किलोच्या २०० गोण्या, असा सरळ हिशेब होतो. प्रत्यक्षात आधीच्या मालकाने फाळके (हौद्याच्या बाजूच्या फळ्या) उंच करून घेतलेले असतात, लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, टाकी डिझेलने भरलेली असते, ताडपत्री, दोर, स्टेपनी आणि केबिनमधली दोन-तीन माणसे असतात. अशी गाडी रिकामी काट्यावर घातली की ६,७०० किलो भरते. त्यात पन्नास किलोची म्हणून शिवलेली गोणी बावन्न किलोची निघाली, तर २०० गोण्यांचे १०,४०० किलो होतात, एकूण वजन १७,१०० किलोवर जाते आणि एकही गोणी जादा न भरता ९०० किलो ओव्हरलोड होतो. टोमॅटोच्या बाबतीत २० किलोच्या क्रेटमधील माल मोजला जातो, क्रेटचे वजन कोणी धरत नाही. पाचशे क्रेट असतील तर ती चूक अर्ध्या टनाच्या पुढे जाते. पावसात भिजलेल्या गोणपाटाचा भार वेगळाच. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम म्हणजे ती टाकी भरून, सर्व सामानासह रिकामी तोलून घेणे आणि त्या पावतीवरूनच मालाचा आकडा ठरवणे.

दंडाची भीती घालण्याची मला हौस नाही, पण आकडे माहीत असावेत. कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो. गाडी न थांबवल्यास किंवा तोलण्यास नकार दिल्यास ४०,००० रुपये. चालकाइतकाच मालकही यात सापडतो. दंड भरून तसेच पुढे जाता येते, असे सांगणारे अजूनही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच ती वाट बंद केली असून जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या कांद्याला राखण कोण बसणार, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

रात्री गावातल्या रस्त्यांनी काटा चुकवून नेण्याचा सल्ला देणाऱ्या ‘अनुभवी’ माणसांविषयी माझे मत चांगले नाही. त्यांच्या सल्ल्याने वाचलेले पैसे ते स्वतः घेतात आणि दंड तुम्ही भरता. याउलट, वाशीच्या बाजाराला माल नेताना भरलेली गाडी कसारा घाटात वर्षानुवर्षे सावकाश उतरवलेला एखादा म्हातारा चालक मिळाला, तर त्याच्यापुढे निमूटपणे बसावे. उतारावर जादा टनाने ब्रेक कसे तापतात, हे तो जसे सांगतो तसे कोणताही एजंट सांगत नाही. आणि धीर सोडू नये. वजन एकदा बसले की पुढच्या खेपांत ते आपोआप जमते.

परवान्याचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. इंदूरकडे माल न्यायचा असेल तर नॅशनल परमिट, म्हणजे परराज्यांत माल नेण्याचा परवाना, हवे. मात्र दोन अ‍ॅक्सलच्या (सहा टायरच्या) ट्रकला ते बारा वर्षांच्या वयापर्यंतच मिळते, त्याहून जास्त अ‍ॅक्सलच्या म्हणजे मल्टी-अ‍ॅक्सलला पंधरा. त्यामुळे सहा टायरचा नऊ वर्षांचा ट्रक स्वस्तात मिळतो म्हणून घेताना त्याच्याकडे परराज्यातील भाड्याची तीनच वर्षे शिल्लक आहेत, हे किमतीत धरले पाहिजे. शिवाय गाडीबरोबर परवाना आपोआप येत नाही. तो नावावर करून घेण्यासाठी परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती हाती येईपर्यंत विक्रेत्याची सगळी रक्कम चुकती करू नये.